घरी येणारी पॅलिएटिव्ह सेवा: नागपुरातील अनुभव आणि नोंदवहीतील आकडे

कर्करोगाच्या रुग्णाला घरी येऊन वेदनाशमन, जखमेची काळजी आणि कुटुंबाला आधार देणारी, म्हणजे पॅलिएटिव्ह (उपशामक), नागपुरातील एक धर्मादाय सेवा आमच्या घराने गेल्या उन्हाळ्यात घेतली. रुग्णाच्या खाटेजवळ बसून पाहिले तर या शहरात आजवर मिळालेल्या कोणत्याही वैद्यकीय सेवेपेक्षा ती मला सरस वाटली. तिची उणी बाजू तिच्या वार्षिक अहवालात दिसते. वर्षभरात किती घरभेटी दिल्या हे त्यात ठळकपणे छापलेले आहे. पण ज्यांना गरज होती त्यांच्यापैकी किती जणांपर्यंत आपण पोहोचलो आणि आजाराच्या कोणत्या टप्प्यावर पोहोचलो, याचे उत्तर त्या पुस्तिकेत कोठेही नाही. माझी सगळी नोकरी आरोग्याच्या आकडेवारीचे तक्ते करण्यात गेली असल्यामुळे मला हा प्रश्न टाळता आला नाही, म्हणून या परीक्षणात मी सेवा आणि तिची मोजदाद अशा दोन्ही गोष्टींविषयी लिहीत आहे. संस्थेचे पथक लहान आहे आणि नाव प्रसिद्ध करू नये अशी त्यांचीच विनंती आहे, ती मी पाळली आहे. नागपुरात किंवा अन्यत्र अशी सेवा शोधणाऱ्यांना येथे लावलेले निकष कोणत्याही संस्थेला लावून पाहता येतील.

रुग्ण म्हणजे माझे थोरले बंधू. विदर्भात पानठेल्यावर घोटून मिळणारा खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना, हा त्यांच्या तरुणपणापासूनचा सोबती होता. डाव्या गालाच्या आतील कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली, जबड्याचा भाग काढला, विकिरण झाले आणि काही महिन्यांनी गाठ पुन्हा वर आली. ज्या मोठ्या रुग्णालयात हे उपचार झाले तेथील शस्त्रक्रियेविषयी माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवटच्या भेटीविषयी. “आता घरी न्या आणि सेवा करा,” एवढे सांगून हाती डिस्चार्ज कार्ड देण्यात आले. त्यावर ट्रामाडॉलच्या गोळ्या होत्या आणि “गरज पडल्यास परत यावे” असा शिक्का होता. सेवा करा म्हणजे नेमके काय करा, वेदना वाढली तर कोणाला विचारा, गालाला भोक पडले तर काय करा, यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नव्हता. पॅलिएटिव्ह केअर हा शब्द आम्हाला प्रथम ऐकवला तो मेडिकल चौकातील एका औषधविक्रेत्याने. आम्ही अधिक जोराची वेदनाशामक गोळी मागत होतो. ती आपण ठेवत नाही, असे सांगून त्या भल्या माणसाने या संस्थेचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला. शहरातील एखाद्या रुग्णाला तज्ज्ञ सेवा मिळणे हे एखाद्या दुकानदाराच्या चांगुलपणावर अवलंबून असावे, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

फोन केल्यावर पहिल्या भेटीसाठी काही दिवस थांबावे लागले. प्रत्यक्ष भेटीला डॉक्टर, सिस्टर आणि समाजसेविका असे तिघे आले. दादांचे बोलणे तोपर्यंत अस्पष्ट झाले होते, म्हणून आम्हीच उत्तरे देऊ लागलो. पण डॉक्टरांनी हाताने आम्हाला थांबवले, खुर्ची खाटेजवळ ओढली आणि सगळे प्रश्न दादांनाच विचारले. दादा वहीत लिहून उत्तरे देत होते. वेदना शून्य ते दहा या मापात सांगा, असे कागदावर असते, परंतु सिस्टरांनी विचारले, “काका, रुपयातले किती आणे दुखते?” दादांनी वहीत मोठ्या अक्षरांत चौदा लिहिले. झोप किती लागते, मळमळ होते का, भीती वाटते का, कोणाला भेटावेसे वाटते का, हेही त्याच शांतपणे विचारले गेले. इतक्या महिन्यांच्या उपचारांत भीतीविषयी त्यांना कोणीही विचारले नव्हते.

मग जखम. गालाची जखम बाहेर उघडली होती आणि तिला इतका वास येत होता की नातवंडे खोलीत येईनाशी झाली होती; दादांना वेदनेपेक्षाही याचे दुःख अधिक होते. सिस्टरांनी वहिनींना शेजारी उभे करून सगळे दाखवले. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात एक चहाचा चमचा मीठ टाकायचे आणि ते निवू द्यायचे. जुनी पट्टी ओढून काढायची नाही. ती याच पाण्याने भिजवायची, म्हणजे चिकटत नाही आणि रक्त येत नाही. जखम धुतली की मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची अगदी बारीक पूड तिच्यावर भुरभुरायची, कारण तो वास ज्या जिवाणूंमुळे येतो त्यांना हे औषध मारते. वर ओलसर गॉझ आणि त्यावर कोरडी पट्टी. नागपूरचा मे महिना, कूलर चालू, दारे उघडी आणि माश्या. अशा जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही, म्हणून दिवसाही मच्छरदाणी लावायला त्यांनी सांगितले. काही दिवसांतच वास इतका कमी झाला की धाकटी नात पुन्हा खाटेवर चढून बसू लागली. औषध स्वस्त आणि कोणत्याही दुकानात मिळणारे होते, पण ते असे वापरतात हे सांगणारे माणूस घरात येईपर्यंत आमच्यासाठी त्याचा उपयोग शून्य होता.

वेदनेसाठी मॉर्फिन सुरू झाले. या नावाची आपल्याकडे मोठी धास्ती आहे, आमच्या घरातही होती. डॉक्टरांनी तो विषय झटकला नाही. सवय लागणे आणि वेदनेसाठी औषधाची गरज असणे यांतील फरक समजावला, आणि श्वास मंदावण्याची भीती अगदी लहान मात्रेने सुरुवात करून हळूहळू वाढवल्यास कशी टळते हेही सांगितले. तोंडाने घेण्याच्या साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा अशा वेळा ठरल्या. रात्री दहाची मात्रा दुप्पट, म्हणजे मध्यरात्री दोनला उठवावे लागत नाही. दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे गोळी द्यायची. मधेच कळ आली तर एक जादा मात्रा द्यायची आणि ती वहीत लिहायची. बद्धकोष्ठ होणारच, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून. मळमळीची गोळी सुरुवातीच्या काही दिवसांपुरती. नाकातील नळीतून देण्यासाठी गोळी कशी कुटायची आणि नंतर नळी पाण्याने कशी धुवायची, हे वहिनींकडून करून घेतल्याशिवाय सिस्टर उठल्या नाहीत. प्रत्येक गोळीचा हिशेब ठेवायचा, रिकाम्या पट्ट्या परत करायच्या आणि उरलेल्या गोळ्या संस्थेत जमा करायच्या, असा त्यांचा दंडक आहे. पुढच्या भेटीत दादांनी वहीत चार आणे लिहिले.

ही गोळी मेडिकल चौकातील दुकानात का मिळत नाही, याला कारण आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचे इतके थर उभे केले होते की बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसारख्या आवश्यक औषधांसाठी नियम सोपे केले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच मंजुरीवर ती ठेवण्याची सोय झाली. तरीही, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, भारतात उपशामक उपचारांसाठी लागणाऱ्या अशा औषधांच्या गरजेपैकी जेमतेम ४ टक्के गरज भागत होती. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, त्याच देशाची ही स्थिती आहे. म्हणून एखाद्या संस्थेची पारख करताना माझा पहिला प्रश्न हाच असेल: तुमच्याकडे मॉर्फिन आहे का, आणि ते रुग्णाच्या घरी पोहोचते का? ज्या सेवेकडे ते नाही, ती कितीही प्रेमळ असली तरी पुढे गेलेल्या कर्करोगात अपुरी पडते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. फोन सकाळपासून संध्याकाळपर्यंत उचलला जातो. रात्री तो एका सिस्टरांच्या वैयक्तिक क्रमांकावर जातो आणि त्या दिवसभर फिरून आलेल्या असतात, त्यामुळे एका रात्री श्वास लागल्यासारखे झाले तेव्हा आम्हाला बराच वेळ कोणी मिळाले नाही. सकाळी त्यांचा स्वतःहून फोन आला, दुपारी गाडी आली, पण ती रात्र वहिनींच्या मनातून गेलेली नाही. घरभेटी शहराच्या हद्दीपुरत्याच आहेत. त्याबाहेरच्या, कामठी किंवा हिंगण्याकडच्या रुग्णाला बाह्यरुग्ण विभागातच यावे लागते. मानेला आणि खांद्याला व्यायाम शिकवणारे कोणी पथकात नाही. लेखी सूचनांचा कागद चांगल्या मराठीत आहे, परंतु हिंदीत नाही. आणि नागपुरात तर बालाघाट, छिंदवाडा आणि छत्तीसगडमधून येणारे कितीतरी रुग्ण नातेवाइकांकडे राहून उपचार घेतात. याउलट, ज्याची मी अपेक्षाही केली नव्हती असे काम समाजसेविकांनी केले: दादा गेल्यानंतर तेराव्याची गर्दी ओसरल्यावर त्या वहिनींना भेटायला आल्या, बँकेच्या आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांची यादी करून दिली आणि बराच वेळ नुसत्या बसल्या.

सेवा इतकी चांगली होती म्हणूनच ती आम्हाला इतक्या उशिरा का मिळाली, हा प्रश्न टोचत राहिला. दादांची गाठ पुन्हा वर आल्याचे निदान झाले त्याच दिवशी या पथकाकडे पाठवले असते, तर चौदा आण्यांची कितीतरी दुखणी वाचली असती. हे केवळ बहिणीचे मन म्हणत नाही. २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या चाचणीत फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना निदानानंतर लगेच नेहमीच्या उपचारांसोबत पॅलिएटिव्ह पथकाची जोड देण्यात आली. त्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले, शेवटच्या काळातील निष्फळ उपचार कमी झाले, आणि ते अधिक काळही जगले. मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, ११.६ महिने, तर दुसऱ्या गटाचे ८.९. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ पासून असा सल्ला दिला आहे की, पुढे गेलेल्या कर्करोगाच्या रुग्णाला निदानापासून आठ आठवड्यांच्या आत या पथकाकडे पाठवावे. प्रत्यक्षात जगभर काय घडते? २३ देशांतील अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, पॅलिएटिव्ह सेवा सुरू होणे आणि मृत्यू यांतील मध्यक अंतर केवळ १९ दिवसांच्या आसपास आहे. सधन देशांची ही स्थिती असेल, तर आपली मोजण्याची तसदी तरी घेतली पाहिजे.

म्हणून मी संस्थेच्या कार्यालयात जाऊन अहवाल मागितला. त्यांनी तो लगेच दिला आणि नोंदवह्याही दाखवल्या, रुग्णांची नावे कागदाने झाकून. अहवालातील रकाने असे आहेत: नवे रुग्ण, एकूण घरभेटी, फोनवरील सल्ले, मॉर्फिन दिलेले रुग्ण, मृत्यू. यांतील प्रत्येक आकडा संस्थेच्या कष्टांचा आहे. शहराच्या गरजेचा एकही नाही. घरभेटी वाढल्या म्हणजे सेवा अधिक लोकांपर्यंत पोहोचली असे म्हणता येत नाही. कदाचित त्याच रुग्णांकडे अधिक वेळा जावे लागले असेल. नवे रुग्ण वाढले म्हणजेही पुरेसे नाही, कारण शहरातील कर्करोगाचे रुग्णच वाढले असतील तर वाटा तेवढाच राहील. एका अनुमानानुसार २०२२ मध्ये भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले. अपूर्णांकाचा वरचा आकडा, म्हणजे किती जणांना सेवा मिळाली, सगळेच मोठ्याने सांगतात. खालचा आकडा, म्हणजे कितींपैकी, कोणता घ्यायचा, यावर सगळे अवलंबून असते.

एक काल्पनिक उदाहरण घेते, यातील आकडे नागपूरचे नाहीत. समजा, एका शहरात वर्षभरात कर्करोगाचे २,००० नवे रुग्ण आढळले, १,२०० जणांचा कर्करोगाने मृत्यू झाला आणि तज्ज्ञ पॅलिएटिव्ह सेवेने ३०० रुग्ण नोंदवले. नव्या रुग्णांनी भागले तर वाटा १५ टक्के येतो. पण नव्या रुग्णांत पूर्ण बरे होणारेही असतात आणि त्यांतील अनेकांना या सेवेची फारशी गरज नसते. मृत्यूंनी भागले तर तोच वाटा २५ टक्के दिसतो. आता त्या ३०० पैकी १०० रुग्ण बाहेरगावचे असून शहरात नातेवाइकांकडे उतरलेले होते असे कळले, तर त्यांचे मृत्यू आपल्या १,२०० मध्ये धरलेलेच नसण्याची शक्यता आहे. त्यांना वगळले की वाटा १७ टक्क्यांच्या खाली येतो. आणि उरलेल्या २०० पैकी निम्मे रुग्ण मृत्यूच्या आधीच्या आठवड्यात आले असतील, तर वेळेवर सेवा मिळालेले १०० म्हणजे १,२०० मृत्यूंपैकी १२ जणांमागे एक. एकाच नोंदवहीतून २५ टक्केही काढता येतात आणि ८ टक्केही. कोणता आकडा कशासाठी काढला हे लिहिल्याशिवाय छापलेली टक्केवारी वाचकाची दिशाभूल करते, मग हेतू कितीही चांगला असो.

वरचा आकडाही वाटतो तितका सरळ नाही. तज्ज्ञ सेवा कोणाला म्हणायचे? वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशन करणारी व्यक्ती असे पथक असेल तर ती तज्ज्ञ सेवा, यावर सहसा एकमत असते. परंतु मेडिकल किंवा मेयो या नागपुरातील सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात बधिरीकरणतज्ज्ञाने एकदा वेदनेचे इंजेक्शन दिले, किंवा गल्लीतील जुन्या डॉक्टरांनी रोज घरी येऊन मायेने पाहिले, तर ते मोजायचे का? माझ्या मते दोन्ही मोजावे, पण वेगवेगळ्या रकान्यांत. कुटुंबाच्या डॉक्टरांची शुश्रूषा अमोल असते, तरी ती तज्ज्ञ सेवेच्या रकान्यात टाकली तर तुटवडा दिसेनासा होतो. शिवाय एकच रुग्ण सरकारी रुग्णालयात, मानेवाडा मार्गावरील राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत आणि पुन्हा घरभेटीच्या सेवेतही नोंदलेला असू शकतो. नावाचे स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारचे, वयात दोन-चार वर्षांचा फरक. बेरीज केली की एका माणसाचे तीन रुग्ण होतात. रुग्णाच्या आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा (आभा) १४ अंकी क्रमांक सर्वांनी टिपला तर ही दुबार मोजणी टाळता येईल. या संस्थेच्या अर्जात त्यासाठी रकाना आहे, पण तो बहुतेक ओळींत कोरा आहे.

खालच्या आकड्याची अडचण याहून मोठी आहे. कर्करोगाच्या नोंदणीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १९६३ मध्ये देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि नागपूर शहराचीही अशी नोंदणी आहे. त्यामुळे नव्या रुग्णांची संख्या बऱ्यापैकी भरवशाने मिळते. मृत्यूंचे तसे नाही. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे पाचातल्या एकाचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले असते. घरी झालेल्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून “हृदय बंद पडणे” किंवा नुसते “वार्धक्य” लिहिले जाते. दादांच्या बाबतीत सिस्टरांनी वहिनींना आधीच सांगून ठेवले होते की प्रमाणपत्रासाठी कोणत्या डॉक्टरांकडे जायचे आणि जुने कागद सोबत न्यायचे, म्हणून त्यांच्या दाखल्यावर कर्करोग हा शब्द आला. जे रुग्ण शेवटी गडचिरोली किंवा गोंदियातील आपल्या गावी परततात, त्यांचे उपचार एका जिल्ह्याच्या नोंदीत आणि मृत्यू दुसऱ्या जिल्ह्याच्या नोंदीत राहतात, आणि कोणीही ते जोडत नाही.

मृत्यूपासून मागे मोजत जाण्याची पद्धत जगभर वापरली जाते, कारण ती सोपी आहे: वर्षभरात कर्करोगाने गेलेल्यांची यादी घ्यायची आणि शेवटच्या सहा किंवा बारा महिन्यांत त्यांपैकी कितींना तज्ज्ञ पथकाची किमान एक भेट मिळाली ते पाहायचे. त्याबरोबर आणखी काही गोष्टी तपासतात: शेवटच्या १४ दिवसांत केमोथेरपी दिली गेली का, शेवटच्या महिन्यात अतिदक्षता विभागात ठेवले का, तातडीच्या विभागात पुन्हा पुन्हा धाव घ्यावी लागली का, आणि पॅलिएटिव्ह सेवेत प्रवेश मृत्यूच्या जेमतेम तीन दिवस आधी झाला का. या पद्धतीत एक उणीव आहे. जे जगले त्यांना किती वेदना झाल्या आणि त्यांना मदत मिळाली का, हे तीत दिसत नाही. तरी सुरुवात म्हणून ती मला सर्वांत व्यवहार्य वाटते. फक्त “किमान एक भेट” आणि “शेवटपर्यंत सांभाळ” हे दोन स्वतंत्र आकडे असावेत. ज्याला एकदाच पाहिले आणि ज्याच्या घरी महिनोन्महिने जाणे-येणे झाले, ते दोघे एकाच रकान्यात बसवणे दोघांवरही अन्याय आहे.

अंतर मोजताना सरासरीऐवजी मध्यक घ्यावा, हेही मी संस्थेत आग्रहाने सांगितले. दहा रुग्णांपैकी नऊ जण आठवडाभर सेवेत राहिले आणि एक जण दोन वर्षे राहिला, तर सरासरी अडीच महिन्यांच्या वर जाते आणि सगळे कसे वेळेवर आले असे चित्र उभे राहते. मध्यक मात्र आठवडाच सांगतो, आणि तोच खरा अनुभव आहे.

येथे डॉक्टरांचे म्हणणेही दिले पाहिजे. त्या म्हणाल्या, “सिस्टर दिवसभर फिरून आल्यावर संध्याकाळी वही भरतात. आणखी दहा रकाने वाढवले तर एक घरभेट कमी होईल, आणि ती कोणाची कमी करायची ते तुम्हीच सांगा.” हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु नोंदवह्या पाहताना लक्षात आले की नवा रकाना जवळजवळ लागतच नाही. पहिल्या भेटीची तारीख एका वहीत आहे, मृत्यूची तारीख दुसऱ्या वहीत आहे, आणि दोन्हींत रुग्णाचा तोच नोंदणी क्रमांक आहे. दोन्ही आजवर कोणी शेजारी ठेवलेल्या नाहीत, इतकेच. रुग्णाला कोणी पाठवले, हा रकानाही आहे, आणि त्यात “स्वतः”, “शेजारी”, “ओळखीतून” असे शब्द वारंवार दिसतात. कोणत्या विभागाकडून एकही रुग्ण येत नाही, हे त्यावरून सहज काढता येईल. रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण अन्य देशांतही पॅलिएटिव्ह सेवेपर्यंत सर्वांत कमी पोहोचतात, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. येथेही तसेच आहे का, हे या वह्या सांगू शकतात. वह्या जोडून तक्ता करून देण्याची तयारी मी दाखवली आणि संस्थेने ती मान्य केली. ते काम सुरू आहे. त्यातून निघणारे आकडे जाहीर करणे हा संस्थेचा अधिकार आहे, म्हणून ते येथे देत नाही.

एकट्या संस्थेच्या माथी हे सगळे मारणे मात्र योग्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ज्यांना पॅलिएटिव्ह सेवेची गरज आहे त्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांनाच ती मिळते. आपल्या देशाने २०१२ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आखला आणि आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या विस्तारित सेवांत वृद्धांच्या काळजीसोबत पॅलिएटिव्ह सेवेचाही समावेश केला. केरळने १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या कामाचा विस्तार करत २००८ मध्ये स्वतःचे धोरण केले आणि घरभेटीची जबाबदारी ग्रामपंचायतींपर्यंत नेली. तेथे गावातील परिचारिका आणि शेजारचे स्वयंसेवक हेच सेवेचा कणा आहेत. महाराष्ट्रात मुंबईचे शांती अवेदना सदन १९८६ पासून, तर पुण्यातील वारज्याचे पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून काम करत आहे. विदर्भात रुग्ण भरपूर, खर्र्यामुळे तोंडाचे कर्करोग भरपूर, आणि घरी जाणारी पथके अगदी मोजकी. सरकारी विमा योजनांची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याभोवती केलेली असल्याने शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात. सिस्टरांच्या गाडीच्या पेट्रोलचे पैसे देणग्यांतून येतात. किती जणांना सेवा मिळाली नाही हा आकडा जोवर कोणाच्याच टेबलावर नाही, तोवर त्या पेट्रोलसाठी तरतूद मागायची तरी कशाच्या आधारावर?

गुण द्यायचे झाले तर शुश्रूषा, औषधे आणि रुग्णाशी बोलणे यांसाठी मी या सेवेला पैकीच्या पैकी देईन, रात्रीच्या उपलब्धतेसाठी काठावर उत्तीर्ण करीन, आणि स्वतःच्या पोहोचीच्या नोंदीसाठी तूर्त निकाल राखून ठेवीन. जवळच्या माणसाचा कर्करोग पुढे गेला आहे असे कळताच, उपचार चालू असतानाच, अशा पथकाचा शोध घ्यावा. रुग्णालयातून कोणी पाठवेल याची वाट पाहू नये. डिस्चार्ज कार्ड हातात देताना “वेदनेसाठी कोणाकडे जायचे?” हे तेथील डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि उत्तर कार्डावर लिहून मागावे.

नाव नोंदवताना बायोप्सीचा अहवाल, शेवटचे डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी आणि आधार कार्ड लागते. फोन सकाळी लवकर केल्यास त्याच दिवशी पथकाच्या यादीत नाव चढते. घरातील एका व्यक्तीने औषधे देण्याची जबाबदारी घ्यावी लागते आणि तिचा क्रमांक त्यांच्या वहीत लिहिला जातो. सेवेसाठी शुल्क नाही; देणगी कोणी मागितली नाही, आम्ही नंतर स्वेच्छेने दिली. शहराबाहेरच्या रुग्णाला पहिल्या वेळी तपासणीसाठी आणावेच लागते. त्यानंतर रुग्ण प्रवास करू शकत नसेल तर नातेवाइकाने गोळ्यांची वही, रिकाम्या पट्ट्या आणि रुग्णाचा चालू फोन क्रमांक घेऊन यावे, डॉक्टर फोनवर रुग्णाशी बोलतात आणि पुढच्या गोळ्या त्याच दिवशी मिळतात.